तिसऱ्या रांगेतली कॅसेट

कॅसेटच्या खालच्या कडेला, मधोमध, फितीच्या पाठीमागे नखाएवढी नमद्याची, म्हणजे दाबलेल्या लोकरीची, गादी असते. एका पातळ पितळी पट्टीवर ती चिकटवलेली असते. टेपरेकॉर्डरचं डोकं पुढून येतं, गादी मागून फितीला रेटते आणि त्या रेट्याने आवाज उमटतो. गादी नसली तरी चाकं फिरतात, फीत इकडून तिकडे जाते, सगळं सुरळीत चाललंय असं दिसतं. ऐकू मात्र जवळजवळ काहीच येत नाही.

दंतवैद्यांनी आणून दिलेल्या कॅसेटमधली गादी एक्केचाळीस वर्षांत गळून पडली होती. धाकटीने ती चिमट्याने बाहेर काढली आणि मोजली. चार मिलिमीटर रुंद, पाच लांब. ती कान तपासायचं काम करायची. तिच्या दवाखान्यात कानात जाऊ शकेल अशा बहुतेक सगळ्या वस्तू होत्या, पण नमदा नव्हता. घरात होता. तळमजल्यावर काकांच्या ड्रमवर एक चादर होती, चादरीखाली झांजेचा स्टँड होता आणि झांज लोखंडाला घासू नये म्हणून त्याच्या टोकाला नमद्याची जाड चकती होती.

"कशाला हवीय?" काकांनी विचारलं.

"एक वस्तू दुरुस्त करायचीय."

"ने. झांज काही कुठे निघालेली नाही."

तिने चकतीचा काप काढला, कॅसेटमध्ये चिकटवला आणि रात्रभर वाळू दिला. म्हणजे ज्या कॅसेटवरून काकांचा गुन्हा सिद्ध व्हायचा होता, ती काकांच्याच नमद्यावर चालणार होती. हे तिने कुणाला सांगितलं नाही. गंमत होती, पण घरात त्या गमतीला हसणारं कुणी नव्हतं.

गुन्हा सगळ्यांना तोंडपाठ होता. शेवटचा कार्यक्रम, सभागृह भरलेलं, शेवटचं गाणं. त्या गाण्याच्या अखेरीस धाकटीचे वडील, अप्पा, एकटे गिटार वाजवत आणि मागे फक्त काकांचे ड्रम असत. हा भाग नऊ मिनिटांचा असायचा. त्या दिवशी सातव्या मिनिटाला अप्पांनी तारांवर हात ठेवला, गिटार खाली ठेवली आणि ते आत निघून गेले. विचारणाऱ्यांना त्यांनी तीनच शब्द सांगितले, "ठोक्याने ताल पळवला." ठोक्या म्हणजे काका, त्यांचा सख्खा धाकटा भाऊ. बँड त्याच आठवड्यात मोडला. काका छापखान्यात मशीन चालवायला लागले. अप्पा गिटार शिकवू लागले आणि हळूहळू, न वाजवलेल्या दोन मिनिटांमुळे, वाजवलेल्या सगळ्या वर्षांपेक्षा जास्त प्रसिद्ध झाले. दोघं भाऊ एकाच घरात वर-खाली राहिले. बोलणं पाण्याची टाकी, विजेचं मीटर आणि जिन्यातला दिवा या तीन विषयांपुरतं होतं. मुलंसुद्धा वडिलांना अप्पा म्हणत, कारण काका तसं म्हणायचे. ही हाक तेवढी दोन्ही मजल्यांत सामाईक उरली होती.

त्या कार्यक्रमाचं ध्वनिमुद्रण कुठेही नाही, असं सगळे धरून चालले होते. आणि आता हे दंतवैद्य उगवले. तेव्हा ते कॉलेजात होते आणि तिसऱ्या रांगेत डब्याच्या पिशवीत टेपरेकॉर्डर लपवून बसले होते. दवाखाना बंद करताना दातांच्या साच्यांच्या खोक्यात त्यांना कॅसेट सापडली. दादाने, म्हणजे धाकटीच्या थोरल्या भावाने, दोन आठवड्यांत एक ध्वनिमुद्रण कंपनी गाठली. कंपनी ते बाजारात आणायला तयार होती. सोबत आठ पानांची पुस्तिका निघणार होती आणि पुस्तिकेतला मजकूर दादाने लिहिला होता. त्याच्या तिसऱ्या परिच्छेदात असं वाक्य होतं: 'सातव्या मिनिटाला ड्रमवादकाचा ताल सुटला आणि एका थोर वादकाने तडजोड करण्याऐवजी मौन पत्करले.' कंपनीला एवढंच हवं होतं की वाजवणाऱ्या दोघांनीही संमतीपत्रावर सही करावी. काकांनी अजून केली नव्हती.

"आधी ऐकू दे तर," ते म्हणाले होते.

अप्पांनीही एक अट घातली. सगळे एकत्र बसेपर्यंत कुणीही कॅसेट ऐकायची नाही. धाकटीने ती पाळली. दवाखान्यातल्या यंत्रावर तिने कॅसेटची नक्कल आवाज बंद ठेवून केली. ऐकलं नाही, फक्त आलेख पाहिला. आलेखात तळाशी एक बारीक रेघ होती. ती आडवी असायला हवी होती. ती चढत होती. धाकटीने त्या रेघेकडे पाच मिनिटं पाहिलं, मग उठून हात धुतले, मग पुन्हा पाहिलं. रेघ चढतच होती. मग तिने बसून दुसरी एक नक्कल केली आणि दोन्ही एकाच पेटीत भरून घरी आणल्या.

रविवारी चार वाजता सगळे वरच्या मजल्यावर जमले. अप्पा त्यांच्या खुर्चीत बसले होते, भिंतीला खेटून, भिंत डावीकडे. आई त्यांच्या उजव्या हाताला. या जागा इतक्या जुन्या होत्या की भिंतीवर अप्पांच्या खांद्याच्या उंचीला रंग उडाला होता. काका दाराजवळच्या स्टुलावर बसले, म्हणजे वाटलं तर लगेच जाता यावं. दंतवैद्य सोफ्याच्या मधोमध बसले. चाळीस वर्षं तोंड उघडं असलेल्या माणसांशी बोलल्यामुळे त्यांना उत्तराची वाट पाहायची सवय राहिली नव्हती.

"तुम्ही नेहमी चहा इतका गरम घेता का? गरम वाईट हं. तुमचा खालचा दात हललाय, उजवीकडचा, बोलताना दिसतं. कसं वाटतंय आज? छान, छान."

"कोण काय म्हणतंय?" अप्पांनी आईला विचारलं.

"दातांबद्दल," आई म्हणाली.

"दातांचं काय?"

"काही नाही. आहेत म्हणतायत."

दादाने संमतीपत्र टेबलावर ठेवलं, त्यावर पेन ठेवलं आणि पेन थोडं काकांच्या दिशेने फिरवलं.

"काका, आज निकाल लागून जाईल. मनात काही राहायला नको."

"माझ्या मनात काही नाही रे," काका म्हणाले. "पुस्तिकेत आहे."

"जे घडलं ते लिहिलंय."

"तू होतास तिथे?"

"मी जन्मलो नव्हतो."

"मग तू माझ्यापेक्षा जास्त खात्रीने बोलणारच."

"भावजी, बिस्किट घ्या," आई म्हणाली. ती असं मध्ये पडायची. एक्केचाळीस वर्षांत तिने या विषयावर बिस्किटापलीकडे मत दिलं नव्हतं.

धाकटीने कॅसेटची पहिली नक्कल लावली.

आधी सभागृहाची खसखस, कुणाचा तरी खोकला, खुर्च्या. मग गिटार. आवाज डब्याच्या पिशवीतून येत होता, तरी अप्पांची गिटार ओळखू येत होती. तारेवर नख लावून सूर ओढायची ती लकब दादाने लहानपणी आरशासमोर नक्कल करून पाहिली होती, आणि आता तो डोळे मिटून बसला. आईने पदर बोटाला गुंडाळला. अप्पा जरा पुढे झुकले, मान थोडी डावीकडे वळवून, उजवा कान पुढे करून. धाकटीने तो कोन पाहिला. रोज पाहत होती. आज पहिल्यांदा तो तिला कोन म्हणून दिसला.

चौथ्या मिनिटाला कळायला लागलं. ताल वाढत होता. सहाव्या मिनिटाला शंका उरली नाही. ड्रम धावत होते, गिटार त्यांच्या मागे ओढली जात होती, आणि मग एकदम तारा थांबल्या. ड्रम अजून दोन-तीन घाव एकटेच वाजले आणि तेही थांबले. सभागृह गप्प. जवळच एक तरुण आवाज म्हणाला, "संपलं?"

"तो मी," दंतवैद्य म्हणाले.

दादाने डोळे उघडले. त्याचा चेहरा परीक्षेत पहिला आल्यासारखा झाला होता.

"ऐकलंत ना? सगळ्यांनी ऐकलं ना? अप्पा, तुम्ही म्हणत होता तसंच आहे. शब्दाला शब्द."

"मी उगाच बोलत नाही," अप्पा म्हणाले. पण त्यांनी काकांकडे पाहिलं नाही.

काका स्टुलावर तसेच बसले होते. त्यांच्या उजव्या पायाची टाच जमिनीवर हलकेच आपटत होती, जशी ती जेवतानाही आपटायची.

"पळतोय खरा," ते शेवटी म्हणाले. "मला असं आठवत नाही. पण ऐकू तर येतंय." त्यांनी पेनकडे पाहिलं. "एक्केचाळीस वर्षं मला वाटत होतं मी नाही पळालो. माणसाला काहीही वाटू शकतं. आण ते इकडे."

दादाने कागद उचलला. उचलताना त्याला जरा लाज वाटल्यासारखी दिसली, पण उचलला.

"थांब," धाकटी म्हणाली.

घरात तिच्या बोलण्याला फार वजन नव्हतं. ती मोजायची, म्हणून अप्पा तिला मोजपट्टी म्हणत, आणि मोजपट्टीला कुणी मत विचारत नाही. तरी दादा थांबला.

"तो घूं आवाज ऐकलात? गिटारच्या मागे, सतत?"

"अप्पांचा अँप्लिफायर," दादा म्हणाला. "तो घुमायचाच. त्याच्याबद्दल मी पुस्तिकेत एक ओळ लिहिलीय."

"अँप घुमतो विजेमुळे. वीज सेकंदाला पन्नास वेळा हलते, म्हणून घूंही पन्नासचीच असते. सुरुवातीपासून शेवटपर्यंत. अप्पा आत निघून गेले तरी पन्नास. काका पळाले तरी पन्नास."

"बरं मग?"

"या टेपवर ती एक्कावन्नवर सुरू होते आणि चौपन्नवर संपते."

दंतवैद्य म्हणाले, "थोडी सूज असेल," आणि मग त्यांच्या लक्षात आलं की हा दाताचा विषय नाही.

"काका जोरात वाजवून ताल वाढवू शकतात," धाकटी म्हणाली. "पण काकांनी कितीही जोर लावला तरी अप्पांच्या तारा चढत नाहीत, आणि शहराची वीज तर नाहीच नाही. आणि टेपवर तिन्ही गोष्टी एकत्र चढतात. ताल, सूर आणि वीज. म्हणजे काय?"

काकांची टाच थांबली होती.

"टेप," काका म्हणाले.

"डॉक्टर, त्या टेपरेकॉर्डरमध्ये सेल कुठले होते?"

दंतवैद्य पहिल्यांदाच उत्तर द्यायच्या जागी आले होते. त्यांनी तोंड उघडलं आणि ते तसंच ठेवलं.

"टॉर्चमधले काढले होते," ते म्हणाले. "वडिलांच्या. नवे घ्यायला वेळ झाला नाही. पण टॉर्च लागायचा हं. अंधुक लागायचा, पण लागायचा."

"सेल उतरत गेले की ध्वनिमुद्रण करताना फीत हळूहळू मंद होत जाते. मग आपण ती नेहमीच्या वेगाने लावली की सगळं धावताना ऐकू येतं. जितके सेल उतरलेले, तितकं जास्त धावतं."

"तुझं हे सगळं आधीच ठरलं होतं," दादा म्हणाला. "आधी आम्हाला ऐकू दिलंस, मी बोलेपर्यंत गप्प बसलीस."

"अप्पांनी सगळ्यांनी मिळून ऐकायला सांगितलं होतं. मी पण आत्ताच ऐकलं."

"म्हणजे तू काकांच्या बाजूने."

"मी घूंच्या बाजूने आहे."

"काय म्हणतायत?" अप्पांनी आईला विचारलं. त्या घोळक्यात, सगळे एकदम बोलत असताना, त्यांना नीट लागत नव्हतं. गेली काही वर्षं उजवा कानही मंद झाला होता, हे घरात सगळ्यांना माहीत होतं. धाकटीने अकरा वर्षांत चौदा वेळा त्यांना कानाचं मशीन लावून घ्यायला सांगितलं होतं. चौदाही वेळा ते 'बघू' म्हणाले. तिच्या टेबलाच्या खणात त्यांच्या नावाचं कोरं तपासणीपत्र होतं, कडा पिवळ्या पडलेलं.

आईने त्यांना सांगितलं नाही. ती धाकटीकडे पाहत होती.

"दुसरीही आणलीयस ना," आई म्हणाली. "सरळ केलेली."

"तुला कसं कळलं?"

"तू अर्धं काम करून घरी येत नाहीस."

धाकटीने दुसरी नक्कल लावली. तिने सेकंदा-सेकंदाला घूं पन्नासावर आणून बसवली होती. तेवढंच. बाकी कशाला हात लावला नव्हता.

आता ड्रम धावत नव्हते. ते एखाद्या मशीनसारखे चालले होते, छपाईच्या मशीनसारखे, कागद घेत, कागद टाकत. काका मान खाली घालून ऐकत होते. त्यांची टाच पुन्हा सुरू झाली आणि टेपवरच्या ड्रमशी जुळली.

"मिनिटाला एकशे सोळा ठोके," धाकटी आलेख आठवून हळूच म्हणाली. "सुरुवातीला एकशे सोळा. सातव्या मिनिटाला एकशे सतरा."

"तो एक कुठून आला?" काका म्हणाले. ते खरोखर नाराज झाले होते.

"पुढे ऐका."

चौथ्या मिनिटानंतर गिटार मागे पडायला लागली. आधी केसभर. मग बोटभर. सूर सगळे जागेवर होते, सुंदर होते, फक्त उशिरा येत होते, जसं कुणी दुसऱ्या खोलीतल्या घड्याळाकडे बघून वाजवतंय. दादाने ओठ घट्ट मिटले. ही गिटार त्याला पाठ होती आणि ती चुकू शकते हे त्याच्या पाठांतरात नव्हतं.

सहाव्या मिनिटाला, ड्रमच्या मागून, एक माणूस ओरडायला लागला.

"एक! दोन! तीन! चार!"

मघाच्या टेपवरही तो आवाज असणार, पण तिथे तो सगळ्या धावण्यात बुडून गेला होता. इथे स्वच्छ होता. सत्तावीस वर्षांच्या तरुणाचा आवाज. "एक! दोन! तीन! चार!" पुन्हा. आणि पुन्हा. चौथ्यांदा आवाज फाटला. मग तारा थांबल्या.

"ते तुम्ही आहात," दादा म्हणाला.

काकांनी मान हलवली.

"तुम्ही त्यांना मोजून देत होता. मोठ्याने. लोकांसमोर."

"मग काय करणार? हातात काठ्या होत्या, हात तर करता येत नव्हता." काका स्टुलावर जरा सरळ झाले. "म्हणून तो एक वाढला. ओरडताना वाढतो."

"पण मग अप्पांना ऐकू कसं नाही गेलं?" दादा म्हणाला. "पाच-सहा फुटांवर होता तुम्ही."

या प्रश्नावर खोलीत जे झालं ते धाकटीने नंतर बरेच दिवस आठवून पाहिलं. काकांनी आईकडे पाहिलं. आईने काकांकडे पाहिलं. दोघांनी एकाच वेळी नजर काढून घेतली, जशी एखादी जड वस्तू दोघांनी मिळून बरीच वर्षं धरलेली असते आणि आधी कुणी सोडायची ते ठरलेलं नसतं.

आई म्हणाली, "त्या दिवशी ड्रम ह्यांच्या डावीकडे होते."

"म्हणजे?"

"नेहमी उजवीकडे असायचे. त्या सभागृहात उजव्या बाजूचा पडदा अडकला होता, अर्धाच सरकायचा. ड्रम झाकले जात होते. मीच म्हटलं, तुम्ही जागा बदला, लोकांना दिसायला नको का. लग्नाला आठ महिने झाले होते. मला तेव्हा माहीत नव्हतं."

"काय माहीत नव्हतं?"

आईने आधी स्वतःच्या खुर्चीकडे पाहिलं, मग अप्पांच्या खुर्चीकडे, मग भिंतीवरच्या उडालेल्या रंगाकडे.

धाकटीला ते कळायला तीन सेकंद लागले. अठरा वर्षं ती लोकांचे कान तपासत होती. दारातून आत येणारा माणूस कुठली खुर्ची निवडतो यावरून ती कुठला कान गेलाय ते सांगायची, आणि सहसा चुकत नसे. या घरात ती जन्मली होती. भिंत डावीकडे, आई उजवीकडे. रस्त्यावर चालताना आई उजवीकडे. गाडीत अप्पा नेहमी डाव्या खिडकीशी बसायचे.

"डावा," ती म्हणाली. "कधीपासून?"

"एकोणिसाव्या वर्षी गालगुंड झालं होतं," काका म्हणाले. "आम्हाला दोघांनाही. मी बरा झालो. अप्पाचा डावा कान गेला तो गेलाच. पूर्ण. आई-वडिलांनासुद्धा सांगितलं नाही आम्ही. गिटार काढून घेतली असती."

"आणि तुम्ही एक्केचाळीस वर्षं बोलला नाहीत?" दादाने विचारलं.

"काय बोलायचं? गिटारवाल्याला एका कानाने ऐकू येत नाही, हे गावभर करायचं? मग त्याच्याकडे शिकायला कोण आलं असतं?" काकांनी खांदे उडवले. "ताल पळवला म्हटलं तर निदान लोकांना वाटलं, पोराच्या अंगात जोर आहे."

दादा हातातला कागद धरून उभा होता. तो धाकटीकडे वळला, तिच्यावर चिडायला, आणि मध्येच त्याला ते जमेनासं झालं. त्याने खिशातून पुस्तिकेचा मसुदा काढला आणि तिसरा परिच्छेद उभ्या रेघेने छाटला.

"मग इथे काय लिहायचं?" तो काकांना म्हणाला. आवाजात पुतण्या होता, व्यवस्थापक नव्हता.

"सेल संपले होते असं लिही."

"संपले नव्हते," दंतवैद्य म्हणाले. "उतरले होते."

कुणीतरी हसलं. आई होती. तिने लगेच तोंडावर पदर घेतला.

या सगळ्यात अप्पांकडे कुणी पाहिलं नव्हतं. ते खुर्चीत होते तसेच होते. सगळ्यांचे ओठ हलताना त्यांनी पाहिले होते, काही शब्द लागले होते, बरेच लागले नव्हते. पण काकांनी आपल्या डाव्या कानाला बोट लावून दाखवलं होतं, ते त्यांना दिसलं होतं.

"पुन्हा लाव," अप्पा म्हणाले.

"कुठलं?"

"तेच. शेवटचं. सगळे कान टवकारून बसला होता ते."

धाकटीने सहाव्या मिनिटापासून लावलं. अप्पा उठले. खुर्ची सोडून ते टेबलाजवळ आले, वाकले आणि त्यांनी उजवा कान स्पीकरच्या जाळीला जवळजवळ टेकवला. गिटार वाजली. मागे पडली. ड्रमच्या आडून तो आवाज चार वेळा आला आणि चौथ्यांदा फाटला. तारा थांबल्या.

अप्पा वाकलेलेच राहिले.

"माझी गिटार ऐकू आली," ते म्हणाले. "थोडी. ड्रम धमधम. मध्ये काय आहे?"

"काका," धाकटी म्हणाली.

"काय?"

"काका!" तिने आवाज चढवला. "काका ओरडतायत. तुम्हाला मोजून देतायत. एक, दोन, तीन, चार. चार वेळा."

अप्पा सरळ झाले. त्यांनी खोलीभर पाहिलं. त्या खोलीत दंतवैद्य होते, त्यांचा अप्पांशी काही संबंध नव्हता, आणि त्यांनीही ते ऐकलं होतं. एक्केचाळीस वर्षांपूर्वी तिसऱ्या रांगेतून ऐकलं होतं आणि आज पुन्हा ऐकलं. फक्त ज्याच्यासाठी काका ओरडले होते त्याला तेव्हाही पोचलं नव्हतं आणि आत्ताही पोचत नव्हतं.

"मला तेव्हा खरंच वाटलं तू पळालास," अप्पा काकांना म्हणाले. टाकी, मीटर आणि जिन्यातला दिवा सोडून चौथ्या विषयावरचं हे पहिलं वाक्य होतं.

"वाटणारच. मागे पडलेल्याला पुढचा पळतोय असंच वाटतं."

"काय?"

काकांनी स्टूल उचललं, खोली ओलांडली आणि अप्पांच्या उजव्या बाजूला येऊन, आईच्या पुढ्यात, ते खाली ठेवलं. "म्हटलं, वाटणारच!"

"ओरडतोस कशाला?"

"सवय."

अप्पा खुर्चीत बसले नाहीत. ते टेबलाला धरून उभे राहिले. काही तरी हिशेब चालला होता, आणि तो त्यांनी फार पूर्वी मांडून अर्धवट सोडलेला होता. संमतीपत्राकडे त्यांनी पाहिलं, मग बाजूला सारलं.

"दवाखाना मंगळवारी किती वाजता उघडतो?"

"दहाला," धाकटी म्हणाली.

"काय?"

तिने दहा बोटं दाखवली.

"मग साडेनऊला उघड. गर्दीत नको मला." त्यांनी आपल्या उजव्या कानाची पाळी दोन बोटांनी धरली, मग डाव्या कानाची, जणू दोन्ही आहेत याची आधी खात्री करून घेत होते. "मी मशीन लावून घेतो. दोन्ही कानांना लागत असेल तर दोन्हींना. ठोक्या, तू बरोबर चल. पण डावीकडे बस, त्या दिवशीसारखा."